पयले आग पाह्य

गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या आमच्या घराला कवेलूचं छप्पर होतं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतून सिमेंटचा एक पाइप बाहेर निघालेला होता. निर्धूर चुलीचा पाइप. १९८३ नंतर देशभर अशा चुली बसवण्याचा सरकारी कार्यक्रम चालला, त्यात आमच्या घरीही एक आली. चूल चांगली होती. पाइप मात्र वळचणीच्या खालीच संपत होता. वारा पडलेला असला की धूर बाहेर जायचा, वारा सुटला की तोच धूर पाइपातून उलटा फिरून आईच्या तोंडावर यायचा. दोन वर्षं आईनं सोसलं. मग गोणपाटाचा बोळा कोंबून तिनं पाइप बंद करून टाकला आणि पुन्हा डोळे पुसत भात शिजवू लागली.

मी लहान होतो. मला वाटायचं, आईला ती चूल वापरता येत नाही. एकदा तसं मी तिला बोलूनही दाखवलं. पुढे धुराचे पाइप बनवण्यावरच माझं पोट चाललं, आणि ते बोलणं आठवलं की अजूनही मान खाली जाते.

१९९५ साली मी दहावीला गणितात नापास झालो. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. वडील एका राइस मिलमध्ये हमाली करत. त्यांनी रागावून न बोलता मला कुडवा नाक्याकडच्या एका पत्र्याच्या दुकानात नेऊन उभं केलं. दुकान म्हणजे टिनाची शेड, एक ऐरण, दोन कातऱ्या, लाकडी मोगरी आणि भिंतीला टेकवलेले आठ बाय चार फुटांचे पत्रे. ज्यांच्या हाती वडिलांनी मला दिलं त्यांना सगळे उस्ताद म्हणत. मीही तेच म्हणत आलो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. हयात असते तर त्यांना ते आवडलं नसतं.

धान साठवायच्या कोठ्या, बादल्या, उन्हाळा आला की कूलरच्या बॉड्या, आणि वर्षभर राइस मिलचे पाइप व धुराडी, असं काम होतं. आमच्याकडे उसना तांदूळ करणाऱ्या मिला आहेत. तिथं धान वाफवायला बॉयलर लागतो आणि बॉयलरमध्ये धानाचाच भुसा जळतो. शंभर किलो धान भरडलं की वीसेक किलो भुसा निघतो आणि तो भुसा जाळला की त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते. ती राख म्हणजे जवळजवळ सगळी वाळूच. धुरासोबत उडताना ती पाइपाच्या वळणावर घासते आणि बेंडची बाहेरची बाजू आतून खाऊन टाकते. उस्ताद चालता चालता बेंडवर बोटाच्या पेरानं टकटक करत आणि आवाजावरून सांगत, हा दिवाळीपर्यंत टिकेल, हा नाही. मला तेव्हा ही जादू वाटायची. ते नुसतं लक्ष होतं, हे समजायला वर्षं गेली.

गणितात नापास झालेल्या मला त्यांनी पाइपाचा घेर काढायला शिकवलं. जेवढे इंच पाइप, त्याची तिप्पट, आणि वर सातवा हिस्सा. सहा इंची पाइपाला अठरा आणि वर एकाचे सहा-सप्तमांश, म्हणजे एकोणीसला किंचित कमी, शिवाय घडीसाठी पाऊण इंच. बावीस भागिले सात शाळेत मला कधी कळलं नव्हतं. पत्र्यावर खिळ्यानं रेघ ओढताना कळलं. पण हे सगळं नंतरचं. त्याआधी त्यांचा एक नियम होता आणि तो मला भारी वेळखाऊ वाटायचा. कुणीही धुराड्याची ऑर्डर घेऊन आलं की ते माप लिहून घेत नसत. सायकलला हात घालत आणि म्हणत, "चाल, पाहून येऊ." तिथं जाऊन ते भट्टी पेटवायला लावत, दारं-खिडक्या लावायला सांगत, बिडी पेटवत आणि भट्टीच्या तोंडाशी धरून बसत. बिडीचा धूर आत ओढला जातो की बाहेर येतो, एवढंच पाहत. गोंदिया बिड्यांचं गाव, प्रत्येकाच्या खिशात ती असायचीच. मला वाटायचं, उस्ताद कामाच्या नावाखाली बिडी ओढून घेतात.

"बाबू, पत्रा पाहून पाइप नोको कापू," ते म्हणत. "पयले आग पाह्य."

मी मान डोलवायचो. आठ वर्षं डोलवली.

२००३ पर्यंत उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि दुकान बहुतेक मीच सांभाळत होतो. त्याआधीच्या डिसेंबरात एका बेकरीचं काम आलं. मालकानं लाकडाची जुनी भट्टी काढून गॅसची आणली होती. व्यावसायिक सिलिंडरवर चालणारी, तासाला तीनेक किलो गॅस खाणारी. तिच्या डोक्यावर धूर जायला सहा इंची कॉलर होती. उस्तादांना मी म्हणालो, तुम्ही बसा, मी करतो. पाहायला गेलो तो कॉलर पाहायला नाही, पाइप कुठून न्यायचा ते पाहायला.

आता जे लिहितो ते मी फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. पत्रा चार फूट रुंद, म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. सहा इंची पाइपाला घडीसकट साडेएकोणीस इंचाच्या वर पत्रा लागतो. रुंदीत दोनच बसतात आणि जवळजवळ नऊ इंचांची पट्टी वाया जाते. पण पाइप पाच इंचांना थोडा कमी केला की घेर बरोबर सोळा इंचांत येतो. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. एकाही इंचाचा तुकडा वाया जात नाही. त्या दुपारी हा हिशेब सुचला तेव्हा मला आनंद झाला होता. कॉलरवर एक उतरती गळपट्टी बसवली आणि पुढे सगळा पाइप पाचाला कमी.

इंचभराच्या फरकानं काय होतं, असं मला वाटलं. होतं असं की वाट इंचाच्या हिशेबानं कमी होत नाही, इंचाच्या वर्गाच्या हिशेबानं होते. सहाचे छत्तीस. पावणेपाचाच्या थोडं वरचे साडेतेवीस. धुराची एक तृतीयांशाहून जास्त वाट मी बंद करून टाकली होती. वर शेजारच्या घराच्या गच्चीला धूर लागू नये म्हणून तीन बेंड घातले, दहा फूट पाइप आडवा आणि अगदी सपाट नेला, आणि छपराला भोक पाडलं तर पावसाळ्यात गळेल असं मालक म्हणाला म्हणून तोंड वळचणीखालीच सोडलं. आमच्या आईच्या पाइपासारखंच. ते साम्य तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

पाच महिने काही झालं नाही.

मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसच्या वर जातो. दुपारी तीनच्या सुमाराला बेकरीत एकच पोरगा होता, एकोणीस वर्षांचा, बालाघाटकडून कामाला आलेला. बाहेरची लू आत येऊ नये म्हणून त्यानं दार लावून घेतलं होतं आणि आतली उष्णता निघून जावी म्हणून मालकानं त्याच आठवड्यात भिंतीत बसवलेला मोठा एक्झॉस्ट पंखा सुरू केला होता. टोस्टचे ट्रे भट्टीत होते. चार वाजता मालकाचा भाऊ आला तेव्हा पोरगा पिठाच्या पोत्यांवर पडलेला होता. त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. संध्याकाळी तो शुद्धीवर आला. डोकं फार दुखतंय म्हणाला, उलट्या झाल्या.

सगळे म्हणाले, लू लागली. गॅसचा वास आला नव्हता, मग गॅसचं काही नसणार. मीही तेच म्हणालो. खरं सांगायचं तर "लू" हा शब्द ऐकून मला हायसं वाटलं. पाइप मी केलेला होता आणि मनाच्या एका कोपऱ्यात शंका होती. कुणीतरी तिच्यावर झाकण घातलं, याचं मला बरं वाटलं. एका पोराचा जीव जाता जाता राहिला होता आणि मी स्वतःची सुटका शोधत होतो. त्या दिवशी पाइप चुकला त्याहून हे मोठं चुकलं, असं मला वाटतं.

उस्तादांनी दुसऱ्या दिवशी दुपारी मला सायकल काढायला सांगितली. मागे बसून ते बेकरीत आले. भट्टी पेटवायला लावली, दार लावायला लावलं, पंखा सुरू करायला सांगितला. पाचेक मिनिटं थांबले. मग बिडी पेटवली आणि भट्टीवरच्या उघड्या फटीशी धरली. बिडीचा धूर सरळ त्यांच्या तोंडावर आला. पंखा बंद केला, तरी धूर आत जाईना, तिथंच घुटमळत राहिला. त्यांनी बिडी विझवली, दार उघडलं, आणि खिशातला दोरा काढून पाइपाला गुंडाळला. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून दोऱ्याचं माप त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. मोजून झाल्यावर माझ्याकडे वळले. काही बोलले नाहीत.

बोलले ते मालकाशी. "पाइप माह्या दुकानाचा हाय. चूक माही."

मी तिथं उभा होतो. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या रात्री उस्ताद दुकानात बसले, मी पत्रा कापला, त्यांनी प्रत्येक तुकड्यावर दोरा टाकून पाहिला. सहा इंची पाइप, दोनच बेंड, तेही काटकोनाचे नाहीत, अर्ध्या वळणाचे. आडवा भाग तीन फुटांचा, आणि तोही भट्टीपासून चढत जाणारा. छपराला भोक पाडून पाइप कण्याच्याही वर तीन फूट नेला, भोकाभोवती डांबर आणि पत्र्याची झालर. दाराच्या खालच्या अंगाला हवेसाठी हातभर जाळी. खर्च सगळा दुकानाचा. पोराच्या दवाखान्याचेही पैसे त्यांनी दिले, आणि ते माझ्या पगारातून कापले नाहीत. ते कापले असते तर मला हलकं वाटलं असतं. त्यांना हे ठाऊक होतं का, मला सांगता येत नाही.

त्यानंतर काही महिने माझा हात पत्र्यावर चालेना. काय करायचं ते उस्तादांनी दाखवलं होतं, पण असं का, हे त्यांनाही शब्दांत सांगता येत नसे. ते त्यांच्या हातात होतं. शब्द मिळाले ते एका निवृत्त आयटीआय निदेशकांकडून. कूलर दुरुस्तीला घेऊन आले होते. मी विचारलं आणि ते लाकडी पेटीवर बसून दीड तास बोलले. पुढे दोन-तीन वर्षं ते येत राहिले. त्यांचं ऋण वेगळं आहे आणि तेही फिटलेलं नाही.

सरांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की पाइप धूर ओढत नसतो. पाइपात गरम हवा असते, ती हलकी. बाहेर तेवढ्याच उंचीची थंड हवा असते, ती जड. जड हवा खालून आत शिरते आणि हलकीला वर ढकलते. वजनातला तो फरक एवढीच धुराड्याची ताकद. तेरा फूट उंच पाइपात दीडशे अंशांचा धूर असेल तर डिसेंबरच्या थंड रात्री ही ताकद पाण्याच्या दीड-पावणेदोन मिलिमीटर उंचीइतकी भरते. मे महिन्याच्या दुपारी बाहेरची हवाच तापून हलकी झालेली असते, तेव्हा ती एक मिलिमीटरच्या आसपास उरते. सरांनी प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरून, ती वाकडी धरून मला एक मिलिमीटर दाखवला. डोळ्याला नीट दिसतही नव्हता. एवढ्यावर एका माणसाचा श्वास अवलंबून होता, आणि बंद खोलीतला एक्झॉस्ट पंखा याच्या कितीतरी पट जोरानं हवा बाहेर फेकत होता. पंख्याला कुठूनतरी हवा हवी होती. दार बंद होतं. मग ती माझ्या पाइपातून खाली आली आणि येताना धूर घेऊन आली.

मग हवेचा हिशेब. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण तेरा घनमीटर हवा लागते. तीन किलोला चाळीसेक. बेकरीची ती खोली बारा बाय पंधरा फूट, दहा फूट उंच, म्हणजे पन्नास घनमीटर. दार लावलेल्या त्या खोलीत तासाभरानंतर भट्टी आणि पोरगा एकाच उरलेल्या हवेवर होते. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास असतो तो मुद्दाम घातलेला असतो आणि जळताना तोही जळून जातो. म्हणून वास आला नाही. हा वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. साध्या हवेत त्यातला निम्मा सुटायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. दवाखान्यात त्या पोराला ऑक्सिजन लावला गेला, म्हणून आज हे मी लिहू शकतो.

त्या वर्षीच्या दिवाळीआधी मी घरी आईच्या चुलीच्या पाइपातला गोणपाटाचा बोळा काढला. आत चिमणीचं जुनं घरटं होतं, तेही काढलं. त्यावर पत्र्याचा पाइप चढवून तो कवेलूच्या कण्याच्या वर दोन फूट नेला आणि टोपी बसवली. तासाभराचं काम. आईनं चूल पेटवली. धूर वर गेला. ती थोडा वेळ चुलीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "एवढंच होतं?"

मी उत्तर दिलं नाही. आठ वर्षं मी दुसऱ्यांची धुराडी करत होतो. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या माणसांनी गावच्या बायांचे डोळे वाचावेत म्हणून पाइपाची मगन चूल केली, हे सरांनी मला पुढे सांगितलं. आमच्यापासून वर्धा ते किती लांब. एवढी सगळी समज आमच्या विदर्भातच होती आणि मी एक बोळा काढू शकलो नव्हतो.

त्यानंतर मी दुसरी चूक केली. भीतीनं केली. बेकरीच्या प्रसंगानंतर मला वाटू लागलं की पाइप जेवढा मोठा तेवढा बरा. एका फरसाणवाल्याच्या गॅसभट्टीला, कॉलर पाच इंची असताना, मी नऊ इंची पाइप उंचच उंच चढवला. दुसऱ्या हिवाळ्यात त्याचा निरोप आला की पाइपाच्या सांध्यांतून पाणी गळतंय आणि पत्रा खालून सडलाय. पाऊस नाही, पाणी कुठलं? सरांनी कागदावर मांडून दाखवलं. गॅस जळला की पाणी तयार होतंच. एक किलो प्रोपेनपासून एक किलो सहाशे ग्रॅमच्या वर. एकोणीस किलोचा सिलिंडर संपेपर्यंत तीस किलो पाणी वाफ होऊन पाइपातून जातं. पाइप प्रमाणात असला तर धूर झपाट्यानं वर जातो आणि वाफ वाफच राहून बाहेर पडते. पाइप फार मोठा असला की धूर रेंगाळतो, थंड पडतो, पन्नास-पंचावन्न अंशांच्या खाली आला की वाफेचं पाणी होतं, ते आम्लधर्मी असतं, आणि जस्ताचा मुलामा खाऊन टाकतं. थंड धुराला वर जायची ताकदही राहत नाही. लहान पाइपात धूर कोंडतो, मोठ्यात मरतो. माझ्या कंजुषीनं एक चूक झाली होती, भयानं दुसरी. दोन्ही वेळा मी आग पाहिली नव्हती. पहिल्यांदा पत्रा पाहिला, दुसऱ्यांदा स्वतःला.

सरांचा एक विद्यार्थी अमेरिकेत होता. त्याच्याकडून त्यांनी तिकडच्या इंधन-वायू संहितेतले तक्ते मागवले आणि मला त्यांची झेरॉक्स दिली. त्या देशात पुष्कळ घरांत तळघरात गॅसची भट्टी असते, थंडीत घर तापवायला, आणि तिचा धूर धातूच्या पाइपानं छपरावर नेतात. किती उष्णतेच्या भट्टीला, किती उंचीला, किती आडव्या अंतराला किती इंची पाइप, हे सगळं त्यात मांडलेलं. फूट आणि इंच आमच्याच धंद्यातले, त्यामुळे मला ते परके वाटले नाहीत. इंग्रजी मला येत नव्हतं. सर एकेक रकाना वाचत, मी वहीत मराठीत उतरवून घेत असे. पंखा लावलेल्या भट्टीला तिथं कमाल मापाबरोबर किमान मापही दिलेलं आहे, हे पाहून मला त्या फरसाणवाल्याची आठवण झाली. साध्या ओढीच्या भट्टीला धुराड्याचं क्षेत्रफळ कॉलरच्या सात पटींच्या वर जाऊ द्यायचं नाही. आडवा पाइप दर फुटाला पाव इंच चढता हवा. तक्त्यांत काटकोनाचे दोन बेंड धरलेलेच असतात, त्यावर आणखी प्रत्येक बेंडला क्षमता दहा टक्क्यांनी कमी धरायची. माझ्या त्या पहिल्या पाइपात तीन होते.

आणखी एक गोष्ट मला त्या तक्त्यांत फार आवडली. तिथला पाइप दुहेरी भिंतीचा असतो, आत ॲल्युमिनियम, बाहेर जस्ती पत्रा, मध्ये हवेची पोकळी, म्हणजे धूर वाटेत थंड पडत नाही. मी तसा करून पाहिला. आतला सहा इंची, बाहेरचा सात इंची, मध्ये चारी बाजूंनी पत्र्याची पाचर. उस्तादांनी त्यावर हात फिरवला आणि पहिल्यांदा म्हणाले, "हे चांगलं केलं." तोवर त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या दिवशी मला काय वाटलं ते मी लिहू शकत नाही. आणि तो पाइप माझ्या अकलेचा नव्हताच, तक्त्यातला होता.

गॅस गिझर आले तसे लोक मला न्हाणीघराच्या कामाला बोलावू लागले. बहुतेकांना फक्त टांगून हवा असतो. मी पाइप बाहेर काढल्याशिवाय टांगत नाही. काही लोक रागावतात, काही दुसऱ्याला बोलावतात. त्यांना मी सरांनी सांगितलेली गोष्ट सांगतो. व्हिटास गेरुलायटिस नावाचा अमेरिकेचा मोठा टेनिसपटू होता. १९९४ साली तो एका मित्राच्या घरी, पाहुण्यांच्या खोलीत झोपला. पोहण्याच्या तलावाचं पाणी तापवणाऱ्या हीटरचा धूर नीट बाहेर जात नव्हता, तो खोलीत शिरला. गेरुलायटिस चाळीस वर्षांचा होता. जगज्जेत्या माणसांबरोबर खेळलेला, आणि एका पाइपासाठी गेला. काही लोक ऐकून घेतात. न्हाणीघराच्या दाराला खाली जाळी करून घेतात. तेवढं झालं की मला रात्री झोप लागते.

उस्ताद २०१२ च्या पावसाळ्यात गेले. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या खाटेजवळ बसून असे. एकदा मी म्हणालो, बेकरीच्या मालकापुढे मी तोंड उघडायला पाहिजे होतं. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. म्हणाले, "तू पाइप नीट करायले लागला नं?" त्याच्या पुढे त्यांनी तो विषय येऊ दिला नाही. त्यांच्या घरच्यांनी मला त्यांची मोगरी आणि तो दोरा दिला. मोगरी झिजून एका बाजूला चपटी झाली आहे. मी ती वापरतो, ठेवून देत नाही. ठेवून दिलेलं त्यांना चाललं नसतं.

तो पोरगा बालाघाटला परत गेला नाही. दुसऱ्या बेकऱ्यांत काम करत राहिला, लग्न झालं, आणि २०१९ साली आमगावला त्यानं भाड्याच्या गाळ्यात स्वतःची छोटी बेकरी टाकली. भट्टी गॅसची. पाइपासाठी त्यानं मलाच बोलावलं. त्याच्या मते मी त्याच्या जुन्या मालकाचा मिस्त्री, मला मामा म्हणायचा. सोळा वर्षांत मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. त्याला अजूनही वाटत होतं की त्या दुपारी त्याला लू लागली.

मी काम केलं. आग पाहिली, गॅस तासाला किती जातो ते सिलिंडर तोलून पाहिलं, वहीतला रकाना काढला, पाइप चढवला. मग त्याला म्हणालो, दार लाव, पंखा सुरू कर. मी बिडी ओढत नाही, म्हणून उदबत्ती ठेवतो सोबत. भट्टी पेटल्यावर पाच मिनिटं थांबलो आणि उदबत्ती फटीशी धरली. धूर वाकला आणि आत गेला. आम्ही दोघं त्या बंद खोलीत बसून पाहत होतो. तो म्हणाला, "मामा, हे उदबत्ती कायले?"

तेव्हा मी सांगितलं. पत्र्याचा हिशेब, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, तीन बेंड, वळचण, आणि लू म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं तेही. उस्तादांनी चूक स्वतःवर घेतली आणि मी गप्प उभा राहिलो, तेही. सांगताना उदबत्ती निम्मी जळून गेली.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हाताचं पीठ झटकलं आणि विचारलं, "मंग हा पाइप किती इंची हाय?"

"सहा," मी म्हणालो.

त्यानं माझ्या हातातला टेप घेतला, स्टुलावर चढला आणि पाइपाच्या घेराला गुंडाळून मोजू लागला. मी खालून स्टूल धरलं.